तांब्याच्या पत्र्यावरचे देव

आमच्या घरी छापखाना होता. बाबांचं ट्रेडल, नंतर दादाचं ऑफसेट. गेल्या वर्षी दादाने सगळं मुलाच्या हाती सोपवलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा पंधरवडाभर मोकळा झाला. मी कलेचा इतिहास शिकवते. रेनेसाँच्या ताम्रमुद्रित चित्रांवर दरवर्षी दोन तास बोलते, पण ती चित्रं जिथे जन्मली ती इटलीतली गावं पाहिलेली नव्हती. ‘चल, तू चित्रं बघ, मी छपाई बघतो,’ असं म्हणून दादाच तिकिटं काढून बसला. सप्टेंबरअखेर निघालो.

दिवस पहिला, बोलोन्या

विमानाने सकाळी सातला उतरवलं आणि हॉटेलवाल्याने खोली दोनला देतो म्हणून सांगितलं. सामान ठेवून चालत सुटलो. बोलोन्यात रस्त्याच्या कडेने कमानींच्या लांबच लांब पडव्या आहेत. पाऊस भुरभुरत होता तरी छत्री उघडावी लागली नाही. दादाचं मत पडलं की हे लक्ष्मी रोडला हवं होतं, म्हणजे गणपतीत हाल झाले नसते.

पिनाकोतेकात, म्हणजे तिथल्या चित्रसंग्रहालयात, फ्रान्चेस्को फ्रान्चियाची चित्रं पाहिली. शांत, गोरीगोमटी मेरी, मागे निळसर डोंगर. खरं सांगायचं तर दोन चित्रांनंतर मला जांभई आली. पण हा माणूस चित्रांवर सही करताना स्वतःला ‘सोनार’ म्हणवून घ्यायचा आणि टांकसाळीसाठी नाण्यांचे ठसेही करायचा. त्याच्याच हाताखाली मार्कान्तोनिओ राइमोंदी तयार झाला. सगळ्या युरोपाला चित्रकार राफाएल कागदावर दाखवला तो या कोरक्याने. म्हणजे ही छपाई पुस्तकवाल्यांच्या नव्हे, सोनारांच्या दुकानातून आली.

दादाला ते लगेच पटलं. पूर्वी भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून पातेल्यावर ‘सप्रेम भेट’ कोरणारे असायचे, त्याचीच ही थोरली पाती. फरक एवढाच की इथे हातोडी नाही. पोलादी कोरणीची लाकडी मूठ तळहातात धरायची आणि तांब्याच्या पत्र्यावर ती पुढे रेटायची. वळण हवं असेल तर हात तसाच ठेवून पत्रा फिरवायचा. त्यासाठी पत्र्याखाली कातड्याची उशी. तांब्याची बारीक तार निघते आणि खोबणी उरते. मग सगळ्या पत्र्यावर शाई चोपडायची, वरची पुसून काढायची, खोबणीतली राहू द्यायची आणि ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. खिळ्यांच्या छपाईत उंचवटा छापतो, इथे खड्डा.

‘आणि चित्र उलटं कोरायचं,’ दादा म्हणाला. ‘नाहीतर सगळे देव डावखुरे.’

झालेही आहेत तसे पुष्कळ.

मार्कान्तोनिओचं तारीख घातलेलं सर्वांत जुनं चित्र 1505चं आहे, पिरामस आणि थिस्बीचं. ही गोष्ट ओव्हिड या प्राचीन रोमन कवीची. 1497मध्ये व्हेनिसला ओव्हिडची ‘रूपांतरं’ इटालियनमध्ये आणि चित्रांसकट छापून निघाली होती. लॅटिन न येणाऱ्या सोनाराच्या पोराला देवांचा राजा ज्युपिटर याची लफडी कळायला आता पंडिताची गरज उरली नव्हती.

दिवस दुसरा, बोलोन्या

आज मध्ययुगीन संग्रहालयात मातीच्या चकचकीत ताटल्या. त्यांच्यावर जेवायचं नाही, भिंतीशी मांडायच्या. मध्यभागी निळ्या-पिवळ्या रंगात अख्खी पुराणकथा. उर्बिनो-फाएन्झाकडचे कुंभार हे करत आणि त्यांच्यापुढे नमुना म्हणून मार्कान्तोनिओची छापील चित्रं असत. झान्तो नावाचा एक कारागीर तर एका चित्रातला शिपाई, दुसऱ्यातली अप्सरा, तिसऱ्यातला म्हातारा उचलून चौथीच गोष्ट जुळवी. शाईने माखलेले, कडा फाटलेले ते कागद कारखान्यात किती वापरून संपले असतील! रेनेसाँचा विषय निघाला की आपल्याला राजवाडे आठवतात. मला मात्र वाटतं, या देवांना खरं फिरवलं ते असल्या नमुन्याच्या कागदांनी.

जेवताना दादाला मार्कान्तोनिओची चोरी सांगितली. ड्युरर या जर्मन चित्रकाराची मेरीच्या आयुष्यावरची लाकडी ठशांची मालिका याने तांब्यावर जशीच्या तशी उतरवली आणि खाली ड्युररची ‘ए’मध्ये ‘डी’ ही खूणही घातली. कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी लिहितो की ड्युरर चिडून व्हेनिसला गेला, तक्रार केली आणि त्याच्या पदरात एवढंच पडलं की मार्कान्तोनिओने ती खूण वापरायची नाही. न्युरेम्बर्गच्या नगरसभेनेही 1512मध्ये एका परक्या विक्रेत्याला हेच बजावलं: खोट्या सहीची चित्रं विकू नकोस.

‘म्हणजे चित्र चोरलं तरी चालेल, नाव चोरायचं नाही.’ दादाला यात काही नवल वाटलं नाही. बाबांचा लग्नपत्रिकेवरचा गणपतीचा ब्लॉक निम्म्या पेठेने उचलला होता आणि बाबांनी तो कुठून उचलला होता ते आम्ही कधी विचारलं नाही.

दिवस तिसरा, मांतोव्हा

मोदेनाला गाडी बदलून मांतोव्हा. लोंबार्दीची सपाट काळी जमीन, मक्याची कापलेली शेतं आणि मग एकदम पाणी. गाव तिन्ही बाजूंनी तळ्यांत बसलंय. वरच्या तळ्यात कमळांची पानंच पानं होती, पण हंगाम सरल्यामुळे तपकिरी पडलेली. जेवायला लाल भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली. त्यात बदामाच्या चवीची बिस्किटं चुरून घालतात. दादा म्हणाला, घारगे करता करता कोणीतरी करंजी केलीय. दोन प्लेट खाल्ल्या.

दुपारी इथल्या दरबारी चित्रकाराचं, मान्तेन्याचं घर. बाहेरून चौकोनी विटांचं ठोकळ्यासारखं, आत शिरलं की एकदम गोल अंगण आणि वर आभाळाचा गोल तुकडा. जमीन गोन्झागा घराण्याने दिलेली. तिथल्या पायरीवर बसून मी घरून आणलेली झेरॉक्स उलगडली, मान्तेन्याची ‘समुद्रदेवांची लढाई’. दोन पत्र्यांवर कोरलेली, शेजारी शेजारी लावायची. राकट, दाढीवाले जलदेव हाडं आणि माशांचे जुडगे घेऊन एकमेकांच्या अंगावर धावतायत, आणि डावीकडे एक हडकुळी, लोंबत्या स्तनांची म्हातारी किंचाळत उभी. तिच्या हातातल्या पाटीवर लिहिलंय: मत्सर.

आता याच गावातली 1475ची गोष्ट. सिमोने आर्दिझोनी नावाच्या कोरक्याने गावच्या राजाला, मार्क्विस लुदोव्हिको गोन्झागाला, पत्र लिहून कैफियत मांडली. तो झोआन आंद्रेआ नावाच्या चित्रकाराला पत्रे कोरून देत होता; मान्तेन्याला राग आला, त्याने धमक्या दिल्या आणि शेवटी माणसं घालून दोघांना रस्त्यात बेदम मारलं. वर सिमोनेवर समलिंगी संबंधांचा आरोप झाला. तेव्हा त्याला जाळून मारण्याची शिक्षा होती, म्हणून तो व्हेरोनाला पळाला. त्याच वर्षी मान्तेन्याने जान मार्को काव्हाल्ली या सोनाराशी करार केला होता: माझी रेखाटनं तू कोरायचीस आणि ती कोणालाही दाखवायची नाहीस.

म्हातारीच्या पाटीचा अर्थ काय यावर पंडितांनी बरंच लिहिलंय. दरबारातल्या कलावंतांचे हेवेदावे, प्राचीन शिल्पांचे संदर्भ वगैरे. दादाने झेरॉक्स हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, ‘गिऱ्हाईक पळवलं की हे असंच होतं.’

वीस वर्षांनी, 1494मध्ये, तरुण ड्युररने याच लढाईचा उजवा भाग पेनाने रेघ न् रेघ उतरवून घेतला. आल्प्सपलीकडचा सोनाराचा मुलगा ग्रीक देवांची शरीरं शिकला ती अशी, कागदावरून.

दिवस चौथा, मांतोव्हा

पालात्झो ते. गावाच्या दक्षिण टोकाला फेदेरिको गोन्झागाने बांधलेला मौजेचा वाडा, सगळं काम राफाएलचा शिष्य जुलिओ रोमानोचं. सायकीच्या दालनात छताखालून चौफेर एक लॅटिन लेख फिरतो: सरसेनापती फेदेरिकोने श्रमांनंतर प्रतिष्ठित विश्रांती घेऊन पुन्हा जोम यावा म्हणून हे बांधवलं. सरकारी विश्रामगृहाच्या पाटीची भाषा. त्या पाटीखाली भिंतीवर काय आहे? अर्धा साप झालेला ज्युपिटर राणी ऑलिम्पियासकडे झेपावतोय, काहीही न झाकता. आणि डोकावून पाहणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या डोळ्यात गरुड वीज खुपसतोय.

आमच्याबरोबरच बारा-तेरा वर्षांच्या मुलांची सहल आत आली. आधी शांतता, मग एक खुसखुस, मग सगळीकडे. बाईंनी छताकडे बघत आवाज चढवला: ‘मितोलोजिया!’ पुराणकथा आहे ती. मुलं तोंडावर हात ठेवून पुढच्या दालनात गेली.

मी वर्गात दोन तास घेऊन जे सांगते ते या बाईंनी एका शब्दात उरकलं.

सायकीची गोष्ट थोडक्यात अशी: देखणी पोर, प्रेमदेवता व्हीनसचा मुलगा क्युपिड तिच्यावर भाळतो आणि सासू तिचा छळ मांडते. गहू, जव, मसूर, खसखस एकत्र ढीग करून ‘संध्याकाळपर्यंत निवडून ठेव’ म्हणते. मुंग्या येऊन निवडून देतात. अशा परीक्षा पार पाडल्यावर लग्न लागतं आणि देवांची पंगत बसते. या दालनाच्या दोन भिंतींवर त्या पंगतीची तयारी आहे. सोन्याचांदीच्या ताटांची उतरंड, उंट, हत्ती. हे 1526 ते 28मधलं काम. फेदेरिकोची इसाबेला बोस्केत्ती नावाची प्रेयसी होती, त्याच्या आईला ती मुळीच पसंत नव्हती, आणि सासूचा जाच या दालनात उगाच आलेला नाही असं म्हणतात.

पुढचं राक्षसांचं दालन म्हणजे भिंती-छत सगळं एकत्र कोसळतंय. लोक तिथेच रमतात. मी दादाला तिथे सोडून परत सायकीकडे आले. या वाड्याच्या गिलाव्याच्या कामावर जोव्हान्नी बात्तिस्ता नावाचा कारागीर होता. तो तांबंही कोरायचा. 1566मध्ये वासारी मांतोव्हाला आला तेव्हा त्याला या बात्तिस्ताची मुलगी भेटली. तीही कोरते, आणि इतकं छान कोरते की नवल वाटावं, असं त्याने लिहून ठेवलं. तिचं नाव दियाना. तिच्यासाठीच मी रोमला महिनाभर आधी ईमेल करून ठेवला होता.

दिवस पाचवा, प्रवास

पहिली गाडी उशिरा आली, पुढची चुकली, दोन तास फलाटावर गेले. दादाने वेटिंग रूममधल्या जाहिरातीत रंग सरकलाय हे शोधून काढलं आणि त्यावर वेळ काढला. रात्री रोम. पिझ्झा, झोप.

दिवस सहावा, रोम

टायबरपलीकडे व्हिला फार्नेसिना. हा वाडा आगोस्तिनो कीजी या बँकवाल्याचा. पोपला कर्ज देणारा माणूस. त्याच्या मेजवान्यांची गोष्ट सांगतात की जेवण झालं की चांदीची ताटं खिडकीतून नदीत फेकली जात. पाण्याखाली आधीच जाळी लावलेली असे. रात्री गडी ताटं काढून घेत. खरं असो-नसो, माणूस लक्षात येतो.

आत राफाएलची गालातेआ ही जलपरी, शिंपल्याच्या रथात, डॉल्फिन जुंपलेले. शेजारच्या सोप्याच्या छतावर पुन्हा सायकी, 1518ची, आणि पुन्हा देवांची पंगत. पुढच्याच वर्षी कीजीने वर्षानुवर्षं घरात असलेल्या फ्रान्चेस्काशी लग्न केलं आणि ते दहाव्या लिओ पोपने स्वतः लावलं. छतावर फळाफुलांच्या माळा आहेत. मर्क्युरी देवाच्या हाताच्या वर एक दुधी आणि फुटलेलं अंजीर असं काही जुळवून ठेवलंय की मी दादाला दाखवायला बोट वर केलं आणि मध्येच खाली घेतलं. त्याने तोवर पाहिलं होतं. ‘भाजीवाला वात्रट दिसतोय,’ एवढंच म्हणाला.

याच शहरात 1524मध्ये मार्कान्तोनिओला तुरुंगात टाकलं. जुलिओ रोमानोने संभोगाच्या आसनांची रेखाटनं केली, मार्कान्तोनिओने ती कोरून छापली. सातव्या क्लेमेंट पोपचा दरबार खवळला. पत्रे आणि कागद नष्ट करण्यात आले. आज ब्रिटिश म्युझियममध्ये एका कागदावर चिकटवलेले नऊ तुकडे आहेत, बहुतेक चेहरे आणि खांदे. जुलिओला काही झालं नाही. तो त्याच वर्षी मांतोव्हाला निघून गेला आणि तिथे काय रंगवत बसला ते आपण परवा पाहिलंच. मार्कान्तोनिओसाठी लेखक आरेतिनो वगैरे वजनदार मंडळींनी रदबदली केली तेव्हा तो सुटला.

हा न्याय मला कधी उलगडला नव्हता. दोन वाडे लागोपाठ पाहिल्यावर उलगडला. बँकवाल्याच्या छतावर चालतं, मार्क्विसच्या भिंतीवर चालतं. तिथे शिरायला आमंत्रण लागतं. कागद मात्र खिशात मावतो, कोणाच्याही हातात जातो, आणि एका पत्र्याच्या काहीशे प्रती निघतात. शिवाय त्या चित्रांत माणसं निव्वळ माणसं होती. यात सुधारणा करायला फार वेळ लागला नाही. राफाएलचा जुना नोकर बाव्हिएरा छपाईच्या धंद्यात होता. त्याने पेरिनो देल व्हागाकडून रेखाटनं घेऊन कारालिओकडून कोरवून घेतली: ‘देवांचे प्रेमप्रसंग’, 1527. तीच उघडी शरीरं, पण एकाशेजारी गरुड, दुसऱ्याशेजारी त्रिशूळ, खाली पद्याच्या ओळी. या मालिकेच्या नकलांवर नकला निघत राहिल्या.

त्याच वर्षी मे महिन्यात पाचव्या चार्ल्स सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं. मार्कान्तोनिओ खंडणी भरून जवळजवळ भिकेला लागला, बोलोन्याला परतला आणि पुढे त्याचं काम थांबलंच.

संध्याकाळी नदीकाठी दादाला आजीच्या माजघरातली तसबीर आठवली. ‘शकुंतला जन्म’. मेनका, पोर आणि तोंड फिरवलेला विश्वामित्र. रविवर्म्याच्या छापखान्याचं 1894मधलं हे पहिलं चित्र. तो छापखाना आधी मुंबईला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला. तंत्रज्ञ जर्मन, देव आपले. बिनबाह्यांचा ब्लाउज घातला म्हणून आत्याला परत कपडे बदलायला लावणारी आजी त्या तसबिरीला रोज उदबत्ती ओवाळायची. कोणाला त्यात काही खटकलं नाही. आम्हालाही नाही, परवा मांतोव्हाच्या बाई ओरडल्या तोवर.

दिवस सातवा, रोम

ट्रेव्हीच्या कारंज्याला लागून एक रस्ता जातो, व्हिआ देल्ला स्ताम्पेरिआ. छापखाना गल्ली. पाटीशेजारी दादाचा फोटो काढून झाला. इथे ताम्रपत्र्यांचं मोठं भांडार आहे; 1738मध्ये बाराव्या क्लेमेंट पोपने दे रोस्सी कुटुंबाचा छापखाना पत्र्यांसकट विकत घेतला, तिथून सुरुवात. ते कुटुंब पत्रे परदेशी विकायला निघालं होतं. पिरानेसी या नामांकित कोरक्याचे पत्रेही इथेच. दादाला पत्रे पाहूनच निम्मं समाधान झालं.

अभ्यासिकेत पासपोर्ट दिला, बॅगा ठेवल्या, फक्त पेन्सिल आत नेली. ताईंनी मोठी फाइल आणून हळूच उघडली.

दियानाची ‘देवांची पंगत’. मी पुस्तकात तळहाताएवढी पाहिलेली. इथे मीटरहून लांब, तीन पत्र्यांवर कोरून शेजारी शेजारी लावलेली. सायकीच्या दालनातल्या दोन भिंती एका पट्टीत आल्यायत. ताटांची उतरंड, हत्ती, उंट, सगळं. कागद ताकाच्या रंगाचा. भिंगातून पाहिलं तर क्युपिडच्या पोटावर रेघा कापडाच्या विणीसारख्या एकमेकींवरून जातात आणि उजेडाकडे येताना त्यांचे नुसते ठिपके उरतात. मांतोव्हात रंगात दिसलं ते सगळं तिला काळ्या रेघेच्या जाडीत आणायचं होतं.

साल 1575. दियाना नुकतीच नवऱ्याबरोबर रोमला आली होती. नवरा फ्रान्चेस्को दा व्होल्तेर्रा, वास्तुशास्त्रज्ञ, कामाच्या शोधात. तिने तेराव्या ग्रेगरी पोपकडून परवाना मिळवला: तिची चित्रं कोणी दहा वर्षं नक्कल करून छापायची नाहीत. मग ही पंगत छापून क्लॉदिओ गोन्झागाला अर्पण केली. हा मांतोव्हाच्या राजघराण्यातला आणि पोपच्या दरबारातला. नवीन शहरात सुनेने पहिल्यांदा ओटी भरून पाठवावी तसा हा कागद मला वाटतो. माहेरच्या राजवाड्यातली भिंत, बापाच्या गुरूचं चित्र, गावच्या घराण्याचा माणूस आणि स्वतःची सही. ज्या शहराने पन्नास वर्षांपूर्वी एका कोरक्याला आत टाकलं, तिथे एक बाई उघडे देव पोपच्या परवान्याने विकते. नावं बरोबर लावलेली होती.

तिच्या नावाचं मात्र पुढे भलतंच झालं. ती सही करायची ‘दियाना मान्तुआना’, मांतोव्हाची. लग्नानंतर कधी ‘व्होल्तेर्राची नागरिक’. आडनाव नाहीच. नंतरच्या सूचीकारांनी तिला बराच काळ जोर्जिओ गीझी या गाववाल्या कोरक्याच्या घरात ढकलून ‘दियाना गीझी’ केलं. मग ‘स्कुल्तोरी’ चिकटवलं. तिने स्वतः यातलं एकही कधी लिहिलं नाही.

दादा बराच वेळ जोडावर वाकून होता. पहिल्या पत्र्यातली रेघ दुसऱ्यात कुठे जाते ते तपासत. ‘रजिस्टर बघ,’ कुजबुजला. ‘ओल्या कागदावर. कागद वाळला की आकसतो, तोही तिन्ही सारखा आकसायला हवा.’ मग त्याने ताईंना खुणेने विचारलं, मागून बघता येईल का? छापखान्यातला माणूस छापलेला कागद आधी उलटा करून बोट फिरवतो. दाब किती पडलाय ते मागे कळतं.

ताई हसल्या. मागून नाही, पण त्यांनी टेबलावरचा दिवा अगदी खाली, कागदाच्या पातळीला आणला आणि फाइलची कड जरा उचलली. तिरप्या उजेडात पत्र्याच्या काठाचा दाब उमटला, चित्राभोवती बोटाच्या नखाच्या जाडीएवढी बुटकी पायरी. दादाचा अंगठा सवयीने पुढे गेला, कागदापासून वीतभर अंतरावर थांबला आणि त्याने तो हात मागे नेऊन दुसऱ्या हातात धरून ठेवला.